रणांगणावर रक्त नेणारा शस्त्रवैद्य : डॉ. नॉर्मन बेथ्यून

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. त्यांतील थोडें गेलें तर शरीर तें सोसतें व कालांतरानें भरूनही काढतें. परंतु तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाहून गेलें म्हणजे नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात, भान हरपत जातें, आणि मग जखम बांधली तरी तो मनुष्य हातचा जाण्याची भीति असते. अशा मनुष्यास दुसऱ्याचें रक्त देऊन वांचवितां येतें हें वैद्यांना ठाऊक होतें. अडचण एवढीच कीं, रक्त इस्पितळांत असावयाचें आणि जखमी रस्त्यांत. मधली वाट संपण्यापूर्वींच पुष्कळांची जीवनयात्रा संपत असे. जखमी रक्ताकडे येईपर्यंत थांबूं नये, रक्तानेंच जखमीकडे जावें, या विचारापायीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं त्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची हकीकत आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों.

कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत ग्रेव्हनहर्स्ट नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक माल्कम बेथ्यून यांच्या घरीं १८९० सालच्या मार्च महिन्यांत नॉर्मनचा जन्म झाला. आई एलिझाबेथ ही विवाहापूर्वीं हवाई बेटांत मिशनकार्यासाठीं गेलेली बाई होती. आजोबांचें नांवही नॉर्मनच. ते टोरॉन्टो शहरीं नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांच्या नांवाची पितळी पाटी या नातवानें लहानपणीं आपल्या निजावयाच्या खोलीच्या दारावर लावली होती, असें सांगतात. पाळकाच्या नोकरींत एका गांवीं बस्तान बसतें न बसतें तोंच दुसऱ्या गांवचें बोलावणें येतें, हें आमच्या कांहीं विद्यार्थ्यांना अनुभवानें ठाऊक आहेच. नॉर्मनचें बाळपणही असेंच गांवोगांव फिरण्यांत गेलें. मुलगा हुशार, पण हट्टी व तापट. आणि हा स्वभाव त्याला जन्मभर सुटला नाहीं.

टोरॉन्टो विद्यापीठांत शिकत असतां १९११ सालीं शिक्षण मध्येंच थांबवून तो उत्तरेकडील जंगलांत गेला. दिवसां लांकूडतोड्यांबरोबर काम करावें आणि रात्रीं त्यांनाच लिहावयास वाचावयास शिकवावें, असा तो उद्योग होता. परत येऊन वैद्यकाचा अभ्यास धरला, तोंच १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. नॉर्मन सैन्याच्या रुग्णपथकांत स्ट्रेचर वाहणारा म्हणून दाखल झाला. जखमींना मागें आणणें हेंच त्याचें काम. १९१५ सालीं बेल्जममधील ईप्र येथें तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याचा पाय जायबंदी झाला. घरीं परतून १९१६ अखेर त्यानें पदवी संपादन केली व पुढें आरमारांत वैद्य म्हणून युद्धाचीं उरलेलीं वर्षें काढलीं.

युद्धानंतरचे बेथ्यून पाहिले तर ते कोणी थोर पुरुष होतील असें कोणास वाटलें नसतें. उंची कपडे, खर्चिक राहणी आणि बऱ्यापैकीं मद्यपान, असा तो काळ. १९२३ सालीं त्यांनीं फ्रान्सिस पेनी या स्कॉटिश तरुणीशीं विवाह केला, आणि पुढच्या वर्षीं अमेरिकेंत डिट्रॉइट शहरीं दवाखाना थाटला. तेथेंच १९२६ सालीं त्यांना क्षयानें गांठलें. त्या काळीं क्षय म्हणजे बहुधा मरणाचेंच आमंत्रण. सारानॅक लेक येथील आरोग्यधामांत निजून असतां त्यांनीं आपल्या खोलीच्या भिंतींवर स्वतःच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचीं चित्रें रंगविलीं आणि अखेरच्या चित्रांत आपली कबरही दाखविली. मात्र कबरीची वाट पाहत पडून राहणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. एका ग्रंथांत त्यांनीं नव्या उपचाराविषयीं वाचलें: छातींत सुईनें हवा भरून रोगट फुप्फुसास दाबून ठेवावयाचें, म्हणजे त्याला विसांवा मिळून तें भरून येतें. हा उपचार आपल्यावर करावा असा त्यांनीं डॉक्टरांकडे हट्ट धरला. उपचार झाला व ते बरे झाले.

यापुढें क्षयाशींच लढावयाचें असें ठरवून १९२८ सालीं ते मॉन्ट्रियल येथें डॉ. एडवर्ड आर्चिबाल्ड या नामवंत शस्त्रवैद्यांच्या हाताखालीं गेले. छातीच्या शस्त्रक्रियेंत त्यांचा हात फार जलद चाले. इतका जलद, कीं वडील वैद्यांना तो धोक्याचा वाटे. त्यांनीं शस्त्रक्रियेचीं कित्येक नवीं हत्यारें घडविलीं. बरगडी कापण्याच्या कात्रीची कल्पना तर त्यांना चांभाराचें हत्यार पाहून सुचली, आणि ही कात्री त्यांच्या नांवानें दीर्घकाळ वापरांत राहिली. पण एक गोष्ट त्यांच्या मनास डांचूं लागली. गरीब रोगी शस्त्रक्रियेनें बरा होऊन जाई, आणि त्याच ओलसर, दाट वस्तीच्या घरांत राहून, तेंच अर्धपोट अन्न खाऊन, पुन्हां आजारी होऊन येई. क्षय हा जंतूंइतकाच दारिद्र्याचाही रोग आहे अशी त्यांची खात्री झाली. ते बेकारांना विनामूल्य तपासूं लागले, आणि १९३६ सालीं, रोग्याची ऐपत न पाहतां सर्वांस औषधोपचार मिळावा अशी योजना त्यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह सरकारपुढें ठेवली. तिजकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १९३५ सालीं ते रशिया पाहून आले होते, आणि परतल्यावर साम्यवादी पक्षांत शिरले होते.

येथें थोडें थांबून बोललें पाहिजे. पाळकाच्या या पुत्रानें वडिलांचा धर्म सोडला. त्याच स्त्रीशीं दोनदां विवाह करून दोनदां काडीमोड घेतली. दारूचें व्यसन त्याला होतें, आणि रागाच्या भरांत सोबत्यांना तोडून बोलण्यास तो कचरत नसे. अशाचें चरित्र मुलांपुढें कशाला, असें कोणी पालक विचारतील. आमचें म्हणणें असें आहे कीं, थोरांच्या चरित्रांतून दोष धुऊन काढले म्हणजे मागें उरतो तो पुतळा. पुतळ्याला जखमीपर्यंत चालत जातां येत नाहीं. बेथ्यून चालत गेले, आणि ते ह्या सर्व दोषांसह गेले.

१९३६ सालच्या जुलै महिन्यांत स्पेन देशांत यादवी युद्ध सुरू झालें. लोकांनीं निवडलेल्या सरकारविरुद्ध सेनापतींनीं बंड केलें होतें. सरकारपक्षास साह्य करण्यासाठीं कॅनडांत एक समिति निघाली. तिच्या वतीनें बेथ्यून इस्पितळांतील मोठी जागा सोडून निघाले व ३ नोव्हेंबर १९३६ रोजीं माद्रिद राजधानींत पोहोंचले. शहरास वेढा पडत होता. इस्पितळांत शस्त्रवैद्य होते; आपण आणखी एक होऊन काय मोठें करणार, असा प्रश्न त्यांना पडला. हिंडतां हिंडतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळ जखमी शस्त्रक्रियेच्या टेबलावर मरत नाहींत. ते टेबलापर्यंत पोहोंचतच नाहींत, किंवा पोहोंचतात तेव्हां अंगांत शस्त्रक्रिया सोसण्याइतकें रक्तच उरलेलें नसतें.

रक्त देण्याची त्या वेळची रीत समजली म्हणजे त्यांच्या कल्पनेचें महत्त्व समजेल. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं व्हिएन्ना येथील कार्ल लॅन्डस्टाइनर यांनीं रक्ताचे गट असतात हें शोधून काढलें. विजोड गटाचें रक्त दिलें तर तें अंगांत गुठळून प्राणघातक ठरतें. रक्त बाहेर काढल्यावर थोड्याच मिनिटांत गोठतें, ही दुसरी अडचण. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट हा क्षार योग्य प्रमाणांत मिसळल्यास रक्त गोठत नाहीं असें आढळलें, आणि १९१७ सालीं ओस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन लष्करी वैद्यानें असें रक्त बाटल्यांत भरून, बर्फांत ठेवून, फ्रान्समधील युद्धाच्या आघाडीमागें जखमींना दिलें. परंतु युद्ध संपलें आणि ही विद्या बहुतेक अडगळींत पडली. इस्पितळांतून पुन्हां जुनाच प्रकार चालला: रोगी एका खाटेवर, रक्त देणारा शेजारच्या खाटेवर. लढाईच्या मैदानावर शेजारची खाट कोठून आणावयाची?

बेथ्यून पॅरिस व लंडन येथें जाऊन सामान घेऊन आले. फोर्ड मोटार घेतली. तिच्यांत शीतपेटी, निर्जंतुक करण्याचें यंत्र, बाटल्या, नळ्या, सुया इत्यादि सर्व बसविलें. बरोबर हेनिंग सोरेन्सन हा दुभाष्या होता आणि लंडनमध्यें हेझन साइझ हा कॅनेडियन वास्तुशिल्पी येऊन मिळाला. १९३६ च्या डिसेंबरांत माद्रिदच्या प्रिन्सिपे दे व्हेर्गारा रस्त्यावरील एका मोठ्या घरांत कॅनेडियन रक्तसेवेचें काम सुरू झालें. नभोवाणीवरून व वर्तमानपत्रांतून नागरिकांना विनंति केली होती. लोक येतील कीं नाहीं ही धाकधूक होतीच, कारण शहरांत अन्नाची टंचाई होती आणि अर्धपोटीं मनुष्य रक्त देण्यास धजत नाहीं. परंतु नेमल्या दिवशीं सकाळीं दारासमोर रांग लागली होती. ज्यांना बंदूक घेऊन लढतां येत नव्हतें अशा पुष्कळ स्त्रियाही तींत होत्या.

प्रत्येकाचा गट तपासावा, रोगराई नाहीं याची खात्री करावी, रक्त काढून त्यांत सायट्रेट घालावें, बाटलीवर गट लिहून ती शीतपेटींत ठेवावी. रात्रीं-बेरात्रीं एखाद्या ठाण्यावरून निरोप आला कीं बाटल्या मोटारींत घालून निघावें. पोहोंचल्यावर बाटली कोमट करून, ज्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला आहे अशा शिपायाच्या शिरेंत सुई घालावी. थोड्या वेळानें ओठांवर रंग येऊं लागे आणि हातास न लागणारी नाडी लागूं लागे. मग त्याला शस्त्रक्रियेसाठीं उचलावयास हरकत नसे. १९३७ च्या मार्चांत ग्वादालाहाराच्या लढाईच्या वेळीं ह्या मोटारी थंडीवाऱ्यांत आघाडीपर्यंत जात होत्या.

न्यायाची गोष्ट सांगावयाची तर, ह्या कामांत बेथ्यून हे पहिले नव्हत. बार्सेलोना शहरीं फ्रेडेरिक दुरान-होर्दा या स्पॅनिश वैद्यांनीं कांहीं महिने आधींच अशी रक्तपेढी उभारून आरागॉनच्या आघाडीवर गाडीनें रक्त धाडण्यास प्रारंभ केला होता. पद्धतीच्या नेटकेपणांतही दुरान-होर्दा यांची योजना सरस होती, आणि १९३९ सालीं इंग्लंडांत आश्रय घेतल्यावर त्यांचा अनुभव दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश रक्तपेढ्यांच्या उपयोगी पडला. कीर्तीचें वांटप जगांत नेहमींच न्यायानें होत नाहीं. तथापि त्यामुळें बेथ्यून यांनीं माद्रिदला केलेलें काम लहान होत नाहीं.

१९३७ च्या फेब्रुवारींतील एक प्रसंग तर त्यांच्या जिवास कायमचा चटका लावून गेला. मालागा शहर शत्रूच्या हातीं पडलें, आणि हजारों लोक मुलांबाळांसह समुद्रकांठच्या रस्त्यानें सुमारें २०० किलोमीटरांवरील आल्मेरियाकडे पायीं पळूं लागले. वरून विमानें, समुद्रांतून लढाऊ जहाजें त्यांच्यावर मारा करीत होतीं. रक्त घेऊन निघालेली बेथ्यून यांची गाडी ह्या लोंढ्यास आडवी भेटली. पुढें जाण्यांत आतां अर्थ नव्हता. त्यांनीं रक्ताचें काम बाजूस ठेवलें व गाडींत प्रथम मुलांना भरून आल्मेरियास पोहोंचविण्यास सुरुवात केली. आईबापांपासून मुलें तोडावयाचीं, आणि तींही कोणतीं घ्यावयाचीं व कोणतीं रस्त्यावर सोडावयाचीं हें दाराशीं उभें राहून ठरवावयाचें, असलें कठोर काम त्यांच्या वांट्यास आलें. दिवसरात्र या फेऱ्या चालल्या होत्या. पुढें या हत्याकांडाची हकीकत त्यांनीं पुस्तिकारूपानें प्रसिद्ध केली.

स्पेनमधील शेवट मात्र गोड झाला नाहीं. रक्तसेवा स्पॅनिश लष्करी वैद्यकखात्याच्या ताब्यांत जावी असें तेथील अधिकाऱ्यांचें म्हणणें, आणि तें वावगें नव्हतें. पण बेथ्यून यांना कोणाचा अंमल सोसत नसे. भांडणें वाढलीं, मद्यपानही वाढलें. अखेर त्यांना परत बोलाविण्यांत आलें व १९३७ च्या जूनमध्यें ते कॅनडास परतले. सेवा त्यांच्याशिवाय चालू राहिली. आपण उभें केलेलें काम आपल्यावांचूनही चालतें हें पाहणें तापट मनुष्यास किती जड गेलें असेल!

त्याच सुमारास जपाननें चीनवर चाल केली. १९३८ च्या जानेवारींत बेथ्यून व्हँकूव्हर बंदरांतून चीनला निघाले. मार्चच्या अखेरीस ते येनान येथें पोहोंचले, आणि जून महिन्यांत उत्तरेकडील वू-ताई डोंगरांच्या मुलखांत, जपानी फळीच्या पिछाडीस लढणाऱ्या सैन्याकडे गेले. येथें मोटार नाहीं, वीज नाहीं, शीतपेटी नाहीं. रस्ते म्हणजे खेंचरांच्या पायवाटा. शिकलेले डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जखमी मातीच्या झोपड्यांतून, आठवड्याआठवड्यांच्या घाणेरड्या पट्ट्यांसह पडलेले. माद्रिदची बाटलींतील रक्ताची रीत येथें चालणें शक्य नव्हतें. मग काय करावें? बाटली नाहीं तर माणूसच रक्ताची पेढी, असा मार्ग त्यांनीं काढला. खेडुतांना रक्त देण्याचें भय वाटे. म्हणून त्यांच्या देखत ते स्वतः जखमीशेजारीं आडवे झाले व आपलें रक्त दिलें. त्यांचा गट ‘ओ’, जो बहुधा कोणासही चालतो. त्यानंतर गांवकऱ्यांतून रक्त देणाऱ्यांचें पथक तयार झालें.

त्यांनीं एका खेड्यांत नमुनेदार इस्पितळ उभारलें. सप्टेंबर १९३८ मध्यें तें समारंभानें उघडलें आणि थोड्याच आठवड्यांत जपान्यांनीं उद्ध्वस्त केलें. ह्या आघातानें त्यांचा माद्रिदचा विचार पुन्हां पक्का झाला. असल्या युद्धांत एका जागीं बसणारें इस्पितळ कामाचें नाहीं. इस्पितळानेंच खेंचराच्या पाठीवर बसावें. त्यांनीं लांकडी खोगीर बनविलें. तें खालीं उतरवून उघडलें कीं त्यांतूनच औषधांचें कपाट उभें राही. त्यास पुलासारखा आकार असल्यामुळें, जेथें हें युद्ध पेटलें त्या लुकौ पुलाचेंच नांव त्यांनीं त्यास दिलें. त्यांत १०० शस्त्रक्रियांपुरतें सामान मावे.

ही फिरती तुकडी लढाईच्या शक्य तितक्या जवळ, एखाद्या रिकाम्या देवळांत, काम मांडी. १९३८ च्या अखेरीस एका ठिकाणीं त्यांनीं ४० तासांत ७१ शस्त्रक्रिया केल्या. १९३९ च्या एप्रिलांत ची-हुई येथील लढाईंत ६९ तासांत ११५. तोफगोळे देवळाच्या आवाराजवळ पडत असतां ते टेबल सोडीत नसत. मधल्या दिवसांत शेतकऱ्यांच्या पोरांना पट्टी बांधण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत शिकवावें, चित्रांसह पाठ्यपुस्तकें लिहावीं. स्वतःसाठीं ठरविलेलें दरमहाचें वेतन त्यांनीं जखमींच्या तंबाखूकडे वळविलें. आणि ज्या मद्यानें त्यांना स्पेनमध्यें गोत्यांत आणलें होतें तें येथें जवळजवळ नव्हतेंच.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्या मुलखांत सुंग-च्या-च्वांग या खेड्यांत अँग्लिकन मिशनचा दवाखाना होता व तो न्यूझीलंडच्या मिस कॅथलीन हॉल ह्या चालवीत. बेथ्यून यांना औषधांची निकड होती, आणि तीं पेकिंगखेरीज कोठें मिळण्यासारखीं नव्हतीं. जपानी पहाऱ्यांतून जाण्यायेण्याची मुभा मिशनच्या बाईस होती. धर्म सोडलेला हा साम्यवादी डॉक्टर आणि प्रार्थनेवांचून दिवस न उगवणारी ही परिचारिका यांची एकमेकांशीं मैत्री जमली. बाईंनीं अनेक वेळां पेकिंगहून औषधें लपवून आणलीं. जपान्यांना सुगावा लागला. १९३९ सालीं मिशनचीं घरें जाळण्यांत आलीं व बाईंना देशाबाहेर काढण्यांत आलें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबर अखेर, लढाईच्या गडबडींत हातमोज्यांवांचून शस्त्रक्रिया करीत असतां, बेथ्यून यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटास जखम झाली. अशा जखमा नेहमींच्याच, म्हणून त्यांनीं दुर्लक्ष केलें. दुसऱ्या एका जखमीच्या डोक्यांतील विषारी पू तपासतांना जंतूंचा प्रवेश झाला. बोट सुजलें, मग हात, मग सर्वांगांत विष भिनलें. असल्या विषावर ज्या पेनिसिलिनचा उपयोग झाला असता तें रोग्यांस देण्यास सुरुवात झाली १९४१ सालीं. तापांतही पुढच्या आघाडीकडे जाण्याचा हट्ट त्यांनीं सोडला नाहीं. शेवटीं त्यांनाच स्ट्रेचरवर घालून मागें आणावें लागलें. १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं पहांटे ह्वांग-शी-कौ या खेड्यांत, वयाच्या ४९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. अखेरच्या पत्रांत त्यांनीं आपल्या थोड्याशा वस्तू कोणास काय द्यावयाच्या हें लिहून ठेवलें होतें.

वाटेवरच रक्त देण्याचा त्यांचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाहीं. २०१२ सालीं लंडनच्या हवाई रुग्णपथकानें हेलिकॉप्टरमध्यें रक्त नेण्यास सुरुवात केली. उलटपक्षीं, २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणींत, इस्पितळापूर्वीं लाल पेशी व प्लाझ्मा दिलेल्या आणि नुसतें क्षारद्रव दिलेल्या जखमींमध्यें स्पष्ट फरक दिसला नाहीं. कोणत्या जखमीस, केव्हां, काय द्यावें याचा शोध चालूच आहे.

बेथ्यून यांच्या नांवानें त्याच मुलखांत आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळ चालूं लागलें. त्याच्या प्रमुखपदीं १९४१ सालीं जे नेमले गेले ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून निघालेले हे तरुण, राष्ट्रसभेनें १९३८ सालीं चीनला धाडलेल्या पांच डॉक्टरांपैकीं एक होते. दुसरे महाराष्ट्रीय नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस त्या मुलखांत पोहोंचले तेव्हां बेथ्यून यांना जाऊन कांहीं महिने लोटले होते, त्यामुळें दोघांची भेट झाली नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यानें कोटणीसही तेथेंच निवर्तले. शिह-च्या-च्वांग शहरांतील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत आज दोघांच्याही समाध्या आहेत.